चिंगीची चापट आणि काळूचा जबडा

आमची मांजर चिंगी तेव्हा नुकतीच व्यायली होती, कडब्याच्या गंजीत, चार पिल्लं, डोळेपण उघडले नव्हते त्यांचे. आणि शेजारच्या वस्तीवरचा तांबडा कुत्रा, दोनेक वर्षांचा, चांगला उंचापुरा, वीस किलोचा तरी असेलच, वास काढत काढत थेट गंजीपाशी आला. मी गोठ्याच्या दारात, हातात धारेची बादली, आणि काळजात धस्स झालं कारण तिथवर पळत जायला पंधरा-वीस पावलं तरी लागणार होती आणि चिंगी सगळी मिळून तीन किलोचीसुद्धा नाही. म्हटलं संपलं.

पण ती जागची हलली नाही. कुत्र्यासमोर आडवी उभी राहिली, पाठीची कमान केली, अंगावरचा केस न् केस ताठ, शेपटी फुलून मनगटाएवढी जाड झालेली, आणि घशातून असा घुमणारा आवाज काढायला लागली की तो मी त्याआधी तिच्याकडून कधी ऐकलाच नव्हता. कुत्रा थबकला. मग कुत्रे करतात तसं त्यानं नाक पुढं केलं. तेवढंच. तीन होत्या का चार ते मला मोजता आलं नाही इतक्या पटकन चापट्या बसल्या, कुत्रा क्यांव क्यांव करत मागं वळला, नाकावर बारीक लाल रेघा उमटलेल्या मी स्वतः बघितल्या, आणि चिंगी त्याच्या मागं बांधापर्यंत धावत गेली, तिथं थांबली, तो लांब गेलाय हे नीट बघितलं आणि परत येऊन पिल्लांशेजारी बसून पंजा चाटायला लागली.

आमची वस्ती जुन्नर तालुक्यात, रानात ऊस आणि कांदा. घरात मांजर आणि दारात कुत्रा हे माझ्या जन्माच्या आधीपासून चालत आलंय, मी आता नोकरीमुळं पुण्यात असलो तरी पंधरा दिवसांतनं एकदा घरी जातोच. पुतण्या दर वेळी मोबाईलवर कुठलातरी व्हिडीओ दाखवतो, मांजरानं कुत्र्याला हाणलेलं असतं, आणि विचारतो, काका सांग ना खरंच कोण भारी? मला त्याला एका वाक्यात कधी सांगताच आलं नाही. म्हणून हे सगळं बसून लिहितोय.

आधी हत्यारं बघू. मांजराची नखं चालताना आत म्यानात असतात, जमिनीला घासत नाहीत म्हणून त्यांची धार जात नाही, पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी अठरा. कुत्र्याची नखं कायम बाहेर, रस्त्यावर घासून बोथट झालेली, ती माती उकरायला आणि पळताना पकड घ्यायला उपयोगी, मारामारीत त्यांचा फारसा काही फायदा नाही. पण नखांपेक्षाही मला खांद्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या गळ्याखाली जे आडवं हाड असतं ना, ते मांजरात अगदी बारीक आणि दुसऱ्या कुठल्याच हाडाला न जोडलेलं असतं, नुसतं स्नायूंत अडकवून ठेवलेलं. त्यामुळं मांजर जिथून डोकं घालतं तिथून सगळं अंग काढतं. आणि पुढचे पाय ते आडवे फिरवू शकतं, पंजा वळवू शकतं, समोरच्याला मिठी मारू शकतं. कुत्र्याचे पाय पळण्यासाठी बनलेत, पुढं-मागं हलायला एकदम पक्के, पण पायांनी धरून ठेवणं त्याला जमत नाही. म्हणजे कुत्र्याकडे हत्यार एकच, तोंड. दात भरपूर आहेत, ४२, मांजराला ३० च असतात, आणि जबड्यात ताकद तर मांजराच्या कितीतरी पट. पण ते हत्यार वापरायचं तर कुत्र्याला स्वतःचे डोळे आणि नाक समोरच्याच्या पंजापाशी न्यावं लागतं. तांबड्याचं तिथंच चुकलं. चिंगीच्या पंजाच्या टप्प्यात त्यानं त्याच्या अंगातली सगळ्यात नाजूक जागा आणून ठेवली.

आणखी एक, हे मला फार उशिरा कळलं. कुत्रा भांडणात पाठीवर पडून पोट दाखवतो म्हणजे तो म्हणतो मी हरलो, सोड मला. मांजर पाठीवर पडलं तर ते हरलेलं नसतं, उलट आता चारी पंजे मोकळे झाले. पुढच्या दोन्ही पायांनी समोरच्याचं तोंड धरायचं, दात रोवायचे आणि मागच्या पायांनी त्याच्या गळ्यावर, पोटावर सायकल मारल्यासारखं ओरबाडायचं. बोक्यांच्या भांडणात हे अगदी स्पष्ट दिसतं. रात्री दोन वाजता बाळ रडल्यासारखा आवाज येतो, बाहेर जाऊन बघावं तर दोघं समोरासमोर, कान मागं चपटे केलेले म्हणजे फाटू नयेत, आणि कितीतरी वेळ नुसता आवाजच, प्रत्यक्ष मारामारी आठ-दहा सेकंद. कारण दोघांनाही माहिती असतं की चावा खोल जातो.

खरंच खोल जातो, मी अनुभव घेतलाय. एकदा चिंगी आणि एका परक्या बोक्याला सोडवायला मी हात मधे घातला आणि तिचा सुळा माझ्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला. वरून बघायला सुई टोचल्याएवढं भोक, रक्त पण दोन थेंब. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत ठणकायला लागला, दुसऱ्या दिवशी मूठ मिटेना. डॉक्टरांनी सांगितलं की कुत्र्याचा चावा फाडतो, जखम उघडी राहते, पण मांजराचा दात बारीक असतो, तोंडातली घाण आत खोल सोडून येतो आणि वरून कातडी मिटते, मग आत पू होतो. गोळ्या घेतल्या, रेबीजची इंजेक्शनंपण सगळी घेतली, कारण रेबीज मांजराकडूनसुद्धा होतो आणि एकदा लक्षणं दिसायला लागली की मग माणूस हातातून गेल्यातच जमा. पुतण्याला मी हे दहा वेळा सांगितलंय, भांडणात हात घालायचा नाही, पाणी ओतायचं नाहीतर गोणपाट टाकायचं.

तर इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल मांजर जिंकलं. नाही. माझ्या पुण्यातल्या सोसायटीत एक पांढरा-पिवळा बोका होता, दांडगा, पाच किलोचा असेल, एकट्यादुकट्या कुत्र्याला जुमानायचा नाही, कुत्रा समोर आला तर बसल्या जागेवरून उठायचापण नाही. पहाटे चारच्या सुमारास खालून आवाज आला म्हणून मी बाल्कनीत आलो तर पार्किंगमधे चार कुत्रे आणि मधे तो. त्याची पाठ भिंतीला होती तोवर त्यानं दोघांना मागं हटवलं, मग तो गाडीखाली शिरायला निघाला आणि ती दोन फूट जागा उघड्यावर पार करताना एकानं मागून कमरेत धरलं. मी जिन्यानं खाली पोचेपर्यंत सगळं झालं होतं. कुत्रा मारतो कसा तर धरून झटकतो, मान डावीउजवीकडे जोरात हलवतो, आणि लहान जनावराचा कणा त्यातच जातो. नंतर बघितलं तर बोक्याच्या अंगावर रक्त जवळजवळ नव्हतंच. मी त्याला सोसायटीच्या मागच्या बाजूला, कडुनिंबाखाली पुरला.

त्या रात्री मला नीट कळलं की मांजराचं सगळं लढणं एका समोरच्यासाठी आहे. एक तोंड, एक नाक, एक दिशा. पाठीमागं भिंत किंवा वर झाड पाहिजे. कुत्रे चार झाले की ते घेरतात, एक समोरून भुंकून लक्ष ओढतो आणि दुसरा मागून येतो, हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, ते लांडग्याच्या रक्तातून आलेलं आहे. आणि पळून तरी किती पळणार? मांजर तासाला ४५-४८ किलोमीटरच्या वेगानं सुटतं पण ते थोड्या अंतरापुरतंच, मग दम संपतो. कुत्रा धापा टाकत टाकत अंग थंड करतो आणि मैलोन् मैल दुडक्या चालीनं जाऊ शकतो. मांजर तोंड उघडून धापा टाकताना दिसलं तर समजायचं की ते पार थकलंय किंवा आजारी आहे. म्हणून पहिल्या काही सेकंदांत झाड नाहीतर भिंत सापडली तर मांजर वाचतं. आमची आजी गोष्ट सांगायची, मांजर वाघाची मावशी, तिनं वाघाला सगळं शिकवलं फक्त झाडावर चढणं राखून ठेवलं, आणि वाघ उलटला तेव्हा झाडावर चढून वाचली. लहानपणी गोष्ट म्हणून ऐकली, पण मावशी वाचली ती झाडामुळं, लढून नव्हे, हे त्या गोष्टीतसुद्धा बरोबर आहे.

आता शिकार. इथं मात्र मांजराबद्दल माझा आदर फार मोठा आहे.

चिंगीला शिकार करताना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाच बघितलंय, गव्हाच्या पोत्यांच्या थप्पीपाशी. मी दुसऱ्या बाजूला खाटेवर पडलेलो, दुपार, लाईट गेलेली. ती थप्पीपासून दोन हातांवर बसली होती, पाय अंगाखाली घेऊन, आणि अर्धा तास तरी नुसते तिचे कान हलत होते. एक कान एकीकडे, दुसरा दुसरीकडे. मला काहीच ऐकू येत नव्हतं. याचं कारण नंतर वाचलं, उंदीर एकमेकांशी जे चिवचिवतात त्यातलं बरंचसं आपल्या कानांच्या पलीकडचं असतं, माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५ हजार, आणि मांजराला ६० हजारांच्याही वर. म्हणजे ती अख्खा अर्धा तास पोत्यांच्या आतली हालचाल ऐकत होती. मग मागचा भाग थोडा उचलला, मागचे पाय दोन-तीनदा डावे-उजवे केले, जसं आपण उडी मारायच्या आधी पाय रोवतो तसं, आणि उंदीर पोत्याच्या कडेला आला रे आला की एकच झेप. दोन्ही पंजे त्याच्यावर, आणि मिशा, हे मी खास बघितलं, मिशा पंख्यासारख्या पुढं आलेल्या. मांजराला अगदी तोंडाजवळचं नीट दिसत नाही, वीतभर अंतरातलं अंधुकच, तिथून पुढचं काम मिशा करतात, उंदीर कसा पडलाय, मान कुठं आहे ते त्यांना कळतं. आणि चावा मानेच्या मागं, दोन मणक्यांच्या मधे सुळा. उंदराचा आवाजसुद्धा आला नाही.

लोक म्हणतात मांजर क्रूर असतं, उंदराला खेळवून खेळवून मारतं. मला ते पटत नाही. उंदीर चावतो, जिवावर आला की तोंडाला डसतो, आणि एकट्यानं शिकार करणाऱ्या जनावराचा एक डोळा गेला तर त्याला आणून घालणारं कोणी नाही. म्हणून ती आधी त्याला दमवते, उडवते, सोडते, परत धरते, आणि मान बिनधोक पुढ्यात आली की मगच चावा घेते. चिंगी लहान उंदराला कधी खेळवत नाही, मोठ्यालाच खेळवते, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

आणि पोट भरलेलं असलं तरी ती शिकार करते, हेही खरं. रानावर जगणाऱ्या मांजराला दिवसाला आठ-दहा उंदीर लागतात, म्हणजे भुकेची वाट बघत बसलं तर भागणार नाही, संधी दिसली की झेप घ्यायची हे अंगातच भिनलंय. ऑस्ट्रेलियात रानटी झालेल्या मांजरांच्या गळ्यात कॅमेरे बांधून अभ्यास केला होता, १०१ शिकारींचे प्रयत्न टिपले गेले, त्यातले ३२ यशस्वी, आणि मोकळ्या जागेवर तर दहापैकी सातवेळा शिकार हाताला लागलेली, वर मारलेल्यातलं पाव हिश्शाहून जास्त तर खाल्लंपण नव्हतं. तिथल्या छोट्या प्राण्यांसाठी हे फार वाईट झालंय. आमच्याकडंसुद्धा चिंगी साळुंकीची आणि होल्याची पिल्लं उचलते तेव्हा मला त्रास होतो, घरटी दिसली की मी झाडाच्या बुंध्याला पत्रा गुंडाळतो. तिनं चिचुंद्री मारली तर खात नाही, वासामुळं, तशीच ओसरीवर आणून टाकते.

पण घूस? घुशीला ती हात लावत नाही. एकदा कांद्याच्या चाळीत घूस तिच्या समोरून गेली, चांगली किलोभराची, चिंगीनं मान वळवून बघितलं आणि परत डोळे मिटले. लोकांना वाटतं मांजर पाळलं की घुशी-उंदीर सगळे गेले, तसं होत नाही. न्यूयॉर्कमधे कचऱ्याच्या एका कारखान्यात मोठे उंदीर आणि मोकाट मांजरं एकत्र होती, तिथं ७९ दिवस कॅमेऱ्यानं लक्ष ठेवलं तर एवढ्या दिवसांत मांजरांनी मारलेले मोठे उंदीर फक्त दोन. मांजर आसपास असलं की उंदीर लपून बसायचे, म्हणून माणसाला वाटायचं कमी झाले. मांजर हिशेब करतं, मला इजा किती होईल आणि मिळणार काय, आणि घुशीचा हिशेब जमत नाही.

घुशी काळूनं मारल्या. काळू म्हणजे आमचा आधीचा कुत्रा, साधा गावठी, काळा, छातीवर पांढरा ठिपका. आप्पा बिळात पाणी सोडायचे आणि काळू दुसऱ्या तोंडाशी उभा, शेपटी ताठ, सगळं अंग थरथरतंय. घूस बाहेर आली की धरली, दोन झटके, टाकली, आणि पुढच्या बिळाकडे बघायला तयार. त्याला हिशेब नव्हता. नाकावर चावे घेऊन यायचा, आई हळद लावायची, आणि दुसऱ्या दिवशी परत आप्पांच्या पुढं. इंग्लंडमधे तर या कामासाठी टेरियर जातीचे कुत्रे मुद्दाम तयार केलेत, १८२३ साली लंडनमधे बिली नावाच्या कुत्र्यानं १०० उंदीर साडेपाच मिनिटांत मारले होते, लोक पैजा लावून बघायचे. ती पैज मला घाण वाटते, पण साडेपाच मिनिटांत शंभर हे कुठल्याही मांजराला जन्मात जमणार नाही. मांजर एक मारतं, बाजूला घेऊन जातं, खातं, झोपतं. कुत्रा माणसासाठी मारतो आणि थांब म्हणेपर्यंत मारत राहतो.

पळून धरायची शिकार ही तर कुत्र्याचीच. आपल्याकडचे कारवानी, तिकडं बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ, बारीक कमर, खोल छाती, लांब पाय, हे नजरेनं शिकार करणारे. आप्पांनी लहानपणी माळावर सशामागं कारवानी सुटलेला बघितलाय, म्हणतात ससा वळला की कुत्रा वळायचा, जमिनीला पोट लागतंय असं वाटायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद झालं आणि बंद झालं ते बरंच झालं. पण कुत्र्याच्या जातीची खरी ताकद बघायची तर ताडोबाला कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, बघावेत. मी दोन वर्षांपूर्वी पाण्यावर सात जणांचा कळप बघितला, एकेक जेमतेम पंधरा-सतरा किलोचा असेल, आपल्या गल्लीतल्या कुत्र्याएवढाच, तांबूस रंग, काळी झुबकेदार शेपटी, आणि एकमेकांना शिट्टी मारल्यासारखे आवाज देतात. असे हे मिळून दोनशे किलोचं सांबर पाडतात. एकटा कोळसुंदा सांबराचं काही वाकडं करू शकत नाही. गाईडनं सांगितलं की मोठा कळप असला तर वाघसुद्धा त्यांच्या वाटेला जायचं टाळतो.

आणि आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते.

आमच्या भागात बिबट्या आहे हे आता सगळ्या महाराष्ट्राला माहितीये. उसात राहतो, उसातच पिल्लं घालतो. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता, तो खातो काय हे बघायला. त्याच्या खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला, आणि त्यात सगळ्यात जास्त कुत्रा, ३९ टक्के. मांजर १५ टक्के. शेळी ११. म्हणजे लोक समजतात बिबट्या शेळीसाठी येतो, तो मुख्य येतो कुत्र्यासाठी. बिबट्या शेवटी मांजरच आहे, पन्नास-साठ किलोचं. चिंगी जशी पोत्यांपाशी बसते तसाच तो उसाच्या कडेला बसतो, तसेच कान, तशीच एक झेप, फक्त कुत्र्याएवढ्या जनावराचा तो गळा धरतो त्यामुळं आवाजच निघत नाही.

जानेवारी महिना, ऊसतोड चालू होती, त्यामुळं बिबट्याला लपायला जागा कमी झालेली. घरात चोरीची पण भीती होती, दोन वस्त्या सोडून मोटार चोरीला गेलेली. म्हणून आम्ही काळूला रात्री पडवीत साखळीनं बांधायला लागलो. बांधायचं ठरवलं मी, आईला फोनवर मीच सांगितलं. त्या रात्री मी घरीच होतो. काहीही आवाज आला नाही, एक भुंकणं नाही, साखळीचा एकदा खळ्ळकन आवाज झाला तो मला झोपेत आल्यासारखं वाटतं पण मी उठलो नाही. सकाळी साखळी होती, तुटलेला पट्टा होता आणि अंगणातल्या दवावरून उसापर्यंत ओढत नेल्याची सरळ रेघ होती. पायाचे ठसे वाटीएवढे, नखाची खूण कुठंच नाही, कारण त्याची पण नखं आत असतात.

कुत्र्याची सगळी ताकद कशात असते, तर दोन-तीन सोबती पाहिजेत, भुंकून माणूस उठवायला वेळ पाहिजे, आणि पळायला रान मोकळं पाहिजे. साखळीनं आम्ही ते तिन्ही काढून घेतलं. चिंगी त्या रात्री पत्र्याखालच्या आढ्यावर होती. बिबट्याला वर चढता आलं नसतं असं नाही, पण तिथं वीतभर फट होती आणि चिंगी त्या फटीत मावत होती. दोन दिवस ती खाली उतरली नाही, आईनं दूध शिडीवर चढून दिलं.

हिमालयात मेंढपाळ कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचे पट्टे घालतात ते याचसाठी, बिबट्या गळाच धरतो म्हणून. आता तर आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात बायामाणसं तसे पट्टे स्वतःच्या गळ्यात घालून रानात जायला लागली. एवढी वेळ आलीये. तरीपण मला बिबट्याचा राग येत नाही, तो त्याचं पोट भरतोय. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात पिंजऱ्यातला बिबट्या मी जवळून बघितलाय, तो जाळीमागून बघत होता तेव्हा त्याचे डोळे अगदी चिंगीसारखे होते. आणि ऊस तोडताना कधी कधी बिबट्याची म्हणून जी पिल्लं लोक उचलतात ती वाघाटीची निघतात, जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेली पण दीड किलोच्या आसपासच. वनखात्याची माणसं पिल्लांना खोक्यात घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन एकेक उचलून नेते. आमच्या तालुक्यात पन्नास किलोचं मांजर आहे आणि दीड किलोचंही आहे, आणि दोघं एकाच पद्धतीनं जगतात, एकट्यानं आणि आवाज न करता.

पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर मी आता असं देतो. एकास एक असेल, कुत्रा नुसता हुंगायला आलेला असेल तर मांजर त्याला पळवून लावतं, कारण मांजराला जिंकायचं नसतं, समोरच्याला महागात पडेल एवढं दाखवायचं असतं. कुत्रा खरोखर मारायलाच आला असेल आणि जागा उघडी असेल तर तीन किलोचं जनावर वीस किलोच्या जबड्यापुढं टिकत नाही. किलोला किलो तोलून बघितलं तर शिकारी म्हणून मांजराला तोड नाही. आणि जिथं अनेकांनी मिळून काम करायचं, लांब पळायचं, दुसऱ्यासाठी चावे खायचे, तिथं कुत्रा. पुतण्या म्हणतो हे उत्तर लई लांब आहे.

नवीन कुत्रा आणलाय, मोती. पिल्लू असताना पहिल्याच आठवड्यात चिंगीच्या ताटलीत तोंड घातलं आणि नाकावर चापट खाल्ली, तेव्हापासून तिच्या बाजूनं जाताना लांबून वळसा घालून जातो, आता तिच्या आठपट मोठा झालाय तरी. त्याला आम्ही बांधत नाही. दिवस मावळला की तो आत, मधल्या खोलीत, दार लावून, आणि पडवीला जाळी मारून घेतलीये.

मागच्या खेपेला रात्री एकच्या सुमारास मी जागाच होतो, ऑफिसचं काहीतरी काम करत. चिंगी खिडकीच्या कट्ट्यावर झोपलेली. अचानक तिचे दोन्ही कान उसाकडे वळले, डोळे मिटलेलेच, फक्त कान. मी ऐकायचा प्रयत्न केला तर काहीच नाही. चांगलं मिनिटभर गेलं. मग मोतीनं मान उचलली, नाक दाराच्या फटीला लावलं, आणि असा भुंकायला लागला की पलीकडच्या तिन्ही वस्त्यांवरची कुत्री सुरू झाली, एकेक करून लाईट लागले, तात्यांनी त्यांच्या ओट्यावरून बॅटरी उसावर मारली आणि ओरडले, कोणी बाहेर येऊ नका रे. चिंगी तोवर कट्ट्यावरून उठून आढ्यावर गेली होती.